डाव्या हाताची सवय

साखर कारखान्याचा हंगाम संपला की त्याचं यार्ड ओस पडतं. दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी गजबजलेली ती जागा मे महिन्यात गावातल्या शिकाऊ लोकांची होते. सपाट, लांबरुंद, रहदारी नाही, कडेला वाळलेल्या पाचटाचे ढीग तेवढे. अशाच एका यार्डात पाहिलेला प्रसंग मनातून जात नाही. एक तरुणी मोटरसायकल शिकत होती, मागे तिचे मामा बसलेले. स्कूटर ती बरीच वर्षं चालवत असणार, कारण तोल छान होता आणि वळताना अंग आखडत नव्हतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग 20 च्या आसपास. तेवढ्यात ढिगामागून एक कुत्रं आडवं आलं. तिने दोन्ही मुठी आवळल्या, डावी जास्त जोरात. गाडी थांबायच्या ऐवजी सुळकन पुढे गेली आणि उजव्या हाताचा ब्रेक जेमतेम लागल्यामुळे कुत्र्यापासून हातभर अंतरावर कशीबशी उभी राहिली. मामा ओरडले, "अगं, ब्रेक दाब ना!" ती रडवेली होऊन म्हणाली, "दाबला ना मामा. दाबलाच होता."

तिचं खरं होतं.

स्कूटरवर डाव्या मुठीपाशी मागचा ब्रेक असतो. मोटरसायकलवर त्याच जागी, त्याच बोटांखाली क्लच असतो. तिच्या डाव्या हाताने इतकी वर्षं जे इमानाने केलं तेच त्या क्षणी केलं. क्लच दाबला की इंजिन आणि मागचं चाक यांचा संबंध तुटतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जी मागे ओढ देतं, तीही नाहीशी होते. म्हणजे थांबवण्यासाठी केलेल्या कृतीने गाडी आणखी मोकळी सुटली. मागचा ब्रेक आता उजव्या पायाखाली आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, विचारलं असतं तर तिने झोपेतही सांगितलं असतं. पण आडवं आलेलं कुत्रं डोक्याला विचारायला वेळ देत नाही. अशा वेळी हात आणि पाय त्यांना जे घोटून शिकवलंय तेवढंच करतात, आणि तिच्या उजव्या पायाला अजून कोणी काहीच शिकवलेलं नव्हतं.

मामांचंही काही चुकलं असं म्हणवत नाही. त्यांनी तिला तसंच शिकवलं जसे ते स्वतः शिकले असतील: चावी फिरव, किक मार, क्लच दाब, पहिला टाक, आता हळूहळू क्लच सोड, थोडी रेस दे. गाडी निघाली की शाबासकी. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गाडी शिकवण्याची सुरुवात निघण्यापासून होते, आणि थांबणं हा धडाच नसतो. ते ज्याचं त्याला जमेल असं गृहीत धरलेलं असतं. मला हा क्रम मनापासून चुकीचा वाटतो. जी गाडी थांबवता येत नाही ती चालू करण्याचा अधिकार नवख्याला असू नये. आणि थांबणं आधी शिकवणं अजिबात अवघड नाही, उलट निघण्यापेक्षा सोपं आहे, कारण त्याला सुरुवातीला इंजिनसुद्धा लागत नाही.

पहिला तासभर चावी खिशातच असावी. गाडी न्यूट्रलला, साईड स्टँड वर, शिकणारी व्यक्ती गाडीच्या डाव्या बाजूला उभी, दोन्ही हात हँडलवर. गाडी नुसती ढकलत न्यायची आणि उजव्या हाताच्या ब्रेकने थांबवायची. स्प्लेंडरसारखी गाडी साधारण 112 किलोची असते, पल्सर 150 तिच्यापेक्षा बरीच जड, क्लासिक 350 तर 195 किलोची. हे वजन उभं असताना बोटावर पेलतं. ठराविक कोनापलीकडे झुकलं की तगड्या माणसालाही आवरत नाही. तो कोन कुठे येतो हे आधी अंगाला कळलं पाहिजे. मग गाडीवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, कोणीतरी मागून हळू ढकलायचं आणि बसलेल्याने पाय फूटरेस्टवर घेऊन उजवा हात आणि उजवा पाय एकदम वापरून थांबायचं. जमिनीवर खडूची रेघ मारलेली असावी, पुढचं चाक रेघेवर आलं पाहिजे. थांबताना डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. डावाच का, तर उजवा पाय कामात असतो म्हणून, आणि आपल्या रस्त्यांना कडेकडे उतार असतो. डाव्या बाजूने चालताना डावीकडची जमीन किंचित खाली असते, त्यामुळे डावा पाय टेकण्याचा सराव पहिल्या दिवसापासून उतारासकट व्हायला हवा. हा खेळ दहा-वीस वेळा झाला की उजव्या पायाला आपलं काम समजायला लागतं. स्कूटरवरून आलेल्यांना तर यापेक्षा वेगळं औषध नाही.

आता पुढच्या ब्रेकबद्दल. "पुढचा ब्रेक दाबू नकोस, पलटी खाशील" हे वाक्य महाराष्ट्रात प्रत्येक शिकणाऱ्याला कोणीतरी ऐकवलेलं असतं आणि या एका वाक्याने किती नुकसान केलंय याची कल्पनाही करवत नाही. ब्रेक लागला की गाडीचं आणि माणसाचं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लवकर घसरायला लागतं, कितीही जोरात दाबलं तरी त्याच्यात थांबवण्याची ताकद उरलेली नसते. कोरड्या डांबरावर थांबवण्याचं बहुतांश काम पुढचं चाक करतं. 40 च्या वेगाने जाणारी गाडी दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण 9 ते 10 मीटरमध्ये थांबते; फक्त मागचा वापरला तर त्याच्या जवळपास दुप्पट जागा लागते. हे अंतर ब्रेक लागल्यापासूनचं आहे. समोरचं संकट दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं: 20 ला अडीच मीटर लागत असतील तर 40 ला दहा. हे गणित शाळेत सगळ्यांनी केलेलं असतं, पण यार्डात रेघा मारून, पावलांनी मोजून एकदा पाहिलं की ते वेगळंच दिसतं. आधी फक्त पायाचा ब्रेक, मग फक्त हाताचा, मग दोन्ही. तीन ठिकाणी विटा ठेवाव्यात आणि विटांमधलं अंतर शिकणाऱ्याला चालत मोजायला लावावं.

तरी ती जुनी ताकीद अगदी हवेतून आलेली नाही. पुढचा ब्रेक दोन प्रसंगी खरोखर पाडतो. एक म्हणजे तो झटक्यात आवळला तर. वजन पुढे यायला क्षणभर लागतो. ते येण्याआधीच चाक जखडलं तर टायरला पकड मिळण्यापूर्वीच घसरण सुरू होते. म्हणून ब्रेक एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा: आधी लिव्हरचा मोकळा खेळ संपवायचा, मग हलका दाब, आणि पुढचा भाग खाली बसतोय असं जाणवलं की वाढता दाब. दुसरं म्हणजे हँडल वळलेलं असताना. चालण्याच्या वेगात, वळून थांबताना पुढचा ब्रेक लावला की गाडी वळणाच्या आतल्या बाजूला आडवी होते. नवख्यांच्या पडण्यांपैकी कितीतरी पडणी अशी, घराच्या दारात, गाडी लावताना होतात. शेवटच्या मीटरभरात हँडल सरळ, किंवा वळायचंच असेल तर फक्त पायाचा ब्रेक. बारीक खडी, वाळू आणि चिखल यांवरही पुढचा ब्रेक जपून. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवण्यासाठी आपण माणसांना आयुष्यभर गाडीच्या सर्वांत चांगल्या ब्रेकची भीती घालून ठेवतो.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि 125 व त्याखालच्यांना किमान सीबीएस, अशा ब्रेकच्या यंत्रणा सक्तीच्या झाल्या. शिकवणाऱ्याने दोन्हींतला फरक दाखवायला हवा. सीबीएस असलेल्या गाडीत पायाचा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही थोडासा लागतो, पण त्यावर विसंबून उजवा हात निवांत ठेवायचा नाही. एबीएस चाक जखडू देत नाही, आणि ते काम करत असताना लिव्हर बोटांखाली थरथरतो. ज्याला हे आधी सांगितलेलं नसतं तो दचकून ब्रेक सोडतो, नेमकं नको तेव्हा. मोकळ्या जागेत, सरळ रेषेत, 30 च्या वेगावरून ती थरथर एकदा मुद्दाम अनुभवून घ्यावी. बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, हेही माहीत हवं. मागचं चाक पायाच्या जोराने जखडतंच.

मग येतो क्लच.

दोन तळहात एकमेकांवर ठेवून एक फिरवला आणि हळूहळू दाब वाढवला, तर एका क्षणी दुसरा हातही ओढला जायला लागतो. क्लचच्या आत तेच घडतं. इंजिनकडच्या प्लेटा फिरत असतात, चाकाकडच्या स्थिर असतात, आणि लिव्हर सोडत आणला की त्या घासत घासत एक होतात. लिव्हरच्या सगळ्या प्रवासात ही घासण्याची जागा बोटभर असते. लोक तिला हाफ क्लच म्हणतात. मोटरसायकल शिकणं म्हणजे निम्मं तरी ही बोटभर जागा ओळखणं. ज्याला ती सापडली त्याला बाकीचं सगळं सोपं जातं, ज्याला सापडली नाही तो दोन वर्षांनीही सिग्नलवर गचके खात निघतो. आणि ती सापडण्यासाठी ॲक्सिलरेटरला हात लावायची गरज नसते. इंजिन चालू, गाडी गरम झालेली, पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीवर, उजवा हात ब्रेकवर हलका. आता डावी बोटं कणाकणाने उघडायची. इंजिनचा आवाज जिथे किंचित दबतो आणि गाडी पुढे झुकू पाहते, तिथे थांबायचं. पुन्हा आवळायचं. पुन्हा तिथे यायचं. असं वीस-पंचवीस वेळा, गाडी एक फूटसुद्धा न हलवता. मग त्याच ठिकाणी बोटं धरून ठेवायची आणि गाडीला चालण्याच्या वेगाने, रेस न देता, पाय घासत पुढे जाऊ द्यायचं. शंभर-सव्वाशे सीसीची धड असलेली गाडी सपाट जागेवर नुसत्या क्लचवर निघते. "सोड, सोड" म्हणत मागून घाई करणाऱ्याने या वेळी चहा प्यायला जावं.

क्लच जळेल ही भीती इथे पुष्कळांना असते. मोटारीचा क्लच कोरडा असतो, त्याला असं घासणं मानवत नाही. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लच प्लेटा इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, एकापेक्षा जास्त असतात, आणि थोडं घासणं त्यांना सोसतं. अर्धा तास सराव केला, दर दहा मिनिटांनी गाडी थंड होऊ दिली, तर काही बिघडत नाही. मात्र ऑइल मोटरसायकलचंच हवं, ज्याच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए टू असं छापलेलं असतं. मोटारीचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो.

इथे एका अन्यायाबद्दल बोललंच पाहिजे. शिकायला नेहमी घरातली सर्वांत जुनी गाडी दिली जाते. पडली तरी हरकत नाही, हा त्यामागचा हिशेब. पण त्या गाडीची क्लच केबल सुकलेली असते, त्यामुळे लिव्हर सरकत नाही, अडकून अडकून सुटतो. प्लेटा झिजलेल्या असतात, म्हणून हाफ क्लच लिव्हरच्या अगदी टोकाला येतो, जिथे लहान हाताच्या माणसाची बोटं सुटायच्या बेतात असतात. चेन ढिली असते, म्हणून क्लच कितीही हळू सोडला तरी आधी ढील भरून निघते आणि मग गचका बसतो. मागच्या ब्रेकचे लायनर संपलेले. आयडल इतका कमी की रेस न देता गाडी जिवंत राहत नाही. अशा गाडीवर अनुभवी माणूस सवयीने वेळ मारून नेतो आणि नवख्याला म्हणतो, "तुला जमत नाही." ती व्यक्तीही ते खरं मानते, आणि पुष्कळदा कायमची गाडी सोडून देते, विशेषतः घरातल्या बायका. जमत नाही ते गाडीला, हे तिला कोणी सांगत नाही. शिकवण्याआधी मेकॅनिककडे अर्धा तास घालवावा: केबलला तेल किंवा नवी केबल, लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर खेळ, चेन मधोमध बोटाने वरखाली हलवून 20 ते 30 मिलिमीटर ढील, ब्रेक सेट, आयडल नीट, टायरमध्ये हवा पुस्तिकेत दिलेली. सीटची उंचीही पाहावी. स्प्लेंडरची सीट 785 मिलिमीटरवर असते. दोन्ही पायांचे चवडे तरी पक्के टेकले पाहिजेत. टाचा उचलून, बोटांच्या टोकांवर गाडी पेलणाऱ्याला क्लचकडे लक्ष द्यायला मन उरतच नाही.

नवख्यांचे सर्वांत वाईट अपघात ज्या चुकीने होतात ती चूक मात्र क्लच झटकन सुटल्यावर सुरू होते. गाडी उसळते, शरीर मागे फेकलं जातं, तोल सावरायला माणूस हँडल घट्ट धरतो, आणि शरीर मागे गेल्यामुळे उजवं मनगट खाली वाकतं. मनगट वाकलं की ॲक्सिलरेटर आणखी उघडतो. गाडी आणखी उसळते. या फेऱ्यात सापडलेला माणूस दोन सेकंदांत भिंतीवर जातो, आणि त्याला वाटत असतं की आपण फक्त घट्ट धरून बसलोय. उपाय एकच आहे आणि तो गाडी हलायच्या आधी घोटून घ्यायचा असतो: घाबरलं की डावी मूठ आवळायची. क्लच दाबला की इंजिन कितीही किंचाळलं तरी चाकाला जोर मिळत नाही. शिवाय बसण्याची पद्धत अशी हवी की उजवं मनगट सपाट किंवा किंचित खाली असताना मूठ धरलेली असेल, म्हणजे वळवायला जागाच फार उरत नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, हातांनी हँडलला लटकायचं नाही. यार्डातल्या त्या मुलीच्या डाव्या हाताची सवय इथे मात्र तिच्या उपयोगाची आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला डावा हात विसरायचा नाहीये. डावा आवळताना उजवा हात आणि उजवा पाय त्याच क्षणी उठले पाहिजेत, एवढीच भर घालायची आहे. त्यासाठी शिकवणाऱ्याने समोर उभं राहावं, बाजूला सरकलेलं, आणि कधीही न सांगता हात वर करावा. हात दिसला की तिन्ही एकदम. पंधराच्या वेगाने, मग पंचवीसच्या.

गिअर टाकणं सगळ्यांना मोठी गोष्ट वाटते, पण ते लवकर येतं. गाडीची पद्धत मात्र आधी बघून घ्यावी. पाच गिअरच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, मधे न्यूट्रल. चार गिअरच्या कित्येक गाड्यांत सगळे एकाच दिशेने पडतात. एका पद्धतीवर शिकलेला पाय दुसऱ्या गाडीवर नेमका उलटा गिअर टाकतो. जुन्या बुलेटला तर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. त्या गाडीवर आयुष्य घालवलेली माणसं नव्या गाडीवर बसली की आजही क्षणभर अडखळतात. दुसरा गिअर 15 ते 20 च्या दरम्यान, इंजिनचा आवाज ऐकून. गाडी ठोके द्यायला लागली तर गिअर वरचा आहे, ओरडायला लागली तर खालचा. थांबण्यापूर्वी एकेक करत पहिल्यावर यायचं, कारण गाडी उभी राहिल्यावर आतले दाते एकमेकांसमोर आले नाहीत तर गिअर पडत नाही. तेव्हा लाथा न घालता गाडी वीतभर पुढेमागे हलवायची, म्हणजे पडतो. चौथ्यावरून जास्त वेगात दणकन दुसऱ्यावर आणून क्लच सोडला तर मागचं चाक ब्रेक लागल्यासारखं घसरतं. आणि बहुतेक मोटरसायकलींचा इंडिकेटर मोटारीसारखा आपोआप बंद होत नाही. वळण झालं की अंगठ्याने बंद करायचा, ही सवयही याच दिवसांत लागली तर लागते.

वेगात जाणं कोणालाही येतं. 20 च्या वर गेलेली गाडी स्वतःला सावरते, तिला माणसाची फारशी गरज लागत नाही. खरी परीक्षा चालण्याच्या वेगात आहे, जिथे तोल पूर्णपणे माणसावर असतो. हळू जाण्याचं तंत्र असं: रेस थोडी आणि स्थिर, क्लच हाफवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलकेच टेकलेला. वेग क्लचने आणि मागच्या ब्रेकने कमीजास्त करायचा, ॲक्सिलरेटरने नाही. पुढच्या ब्रेकला तर हातच नाही. तीस मीटरची सरळ पट्टी जितक्या सावकाश पार करता येईल तितकं उत्तम. मग दोन विटा दहा-बारा मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती आठ. आठ काढताना माणसं विटेकडे बघतात आणि विटेवरच जातात. गाडी डोळ्यांच्या मागे जाते. वळण सुरू करतानाच हनुवटी खांद्याकडे वळवून ज्या ठिकाणी बाहेर पडायचंय तिकडे पाहिलं की हँडल आपसूक तेवढंच वळतं. हाच नियम पुढे रस्त्यावर खड्ड्यांना लागू होतो: खड्डा एकदा बघून घ्यायचा आणि नजर त्याच्या शेजारच्या वाटेवर ठेवायची. वेग वाढल्यावर वळणं हँडल फिरवून घेतली जात नाहीत, गाडी झुकवून घेतली जातात; डावीकडे जायचं तर डावी मूठ किंचित पुढे ढकलायची, गाडी डावीकडे झुकते. ऐकायला उलटं वाटतं, पण प्रत्येक सायकलस्वार हे नकळत करत असतो. तीसच्या वेगात, मोकळ्या जागेत एकदा जाणीवपूर्वक करून पाहिलं की पुढे अचानक काही आडवं आल्यावर बाजूला निघता येतं.

यार्ड सोडून रस्त्यावर कधी जायचं, याचा माझा निकष साधा आहे. तीसच्या वेगावरून, खाली न बघता, पुढचं चाक खडूच्या रेघेवर सलग पाच वेळा येतंय का? चढावर, मागे न घसरता निघता येतंय का? चढावर उजव्या पायाने ब्रेक धरून ठेवायचा, क्लच हाफवर आणून गाडी पुढे झुकलेली जाणवली की थोडी रेस, आणि मग ब्रेक सोडायचा. क्रम चुकला की गाडी मागे जाते किंवा बंद पडते. हे दोन्ही येत असेल तर रविवारी पहाटेचा रस्ता. पक्कं बांधलेलं, आयएसआय शिक्का असलेलं हेल्मेट, अंगठ्याशी बंद असलेले बूट, ओढणी असेल तर दोन्ही टोकं खोचून गाठ मारलेली, कारण ती मागच्या चाकात गेली तर काहीही हातात राहत नाही. शिकाऊ परवाना तीस दिवसांनंतर पक्क्या परीक्षेला जाऊ देतो आणि सहा महिने चालतो. पुष्कळ लोक तिसाव्या दिवशी आरटीओत आठ काढून मोकळे होतात. मी म्हणेन, मिळालेले सहा महिने वापरा, आणि जमलं तर त्यात एक पावसाळा येऊ द्या.

कारण आपला रस्ता पहिल्या पावसात बदलतो. महिनोन् महिने साचलेलं तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येतं आणि डांबर साबण लावल्यागत होतं. तासभर जोराचा पाऊस पडून गेला की तेच डांबर बरंच धरतं. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि रेल्वे फाटकातले रूळ ओले असताना सरळ ओलांडायचे, झुकून नाही, त्यांच्यावर ब्रेक नाही. कोकणात सावलीतल्या रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे ब्रेक तापून पायाखाली मऊ पडतात तेव्हा घाट अर्धाच उतरलेला असतो. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. आणि गळीत हंगामात रात्री ऊसपट्ट्यातून जाताना पुढे दिवे दिसत नाहीत म्हणजे रस्ता मोकळा आहे असं समजू नका. रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अंधाराच्याच रंगाची असते. हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल, तोच रात्रीचा वेग.

डबलसीट सर्वांत शेवटी. शिकाऊ परवान्यावर मागे फक्त शिकवणारा बसू शकतो, आणि तेच बरोबर आहे. मागे साठ किलोचं माणूस बसलं की गाडी वेगळीच होते: हँडल हलकं, थांबायचं अंतर वाढलेलं, आणि हळू वेगात मागच्याने नुसती मान वळवली तरी तोल हलतो. मागच्या टायरची हवा डबलसीटसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत वाढवा. बसणाऱ्याला सांगा की मी दोन्ही पाय टेकवून "बस" म्हणेपर्यंत चढायचं नाही आणि "उतर" म्हणेपर्यंत उतरायचं नाही, पाय फूटरेस्टवरून काढायचे नाहीत, वळणात माझ्याच बाजूला झुकायचं. आणि मग त्याला मागे बसवूनच पुन्हा एकदा यार्डात जा, तीच रेघ मारा, आणि तीसवरून थांबून बघा, पुढचं चाक किती पुढे जातंय ते.